दर संक्रांतीला बोरात अळी? औषध बदलण्याआधी बांध आणि माती बघा

आडत्यानं गोणीतलं एक बोर उचललं, दोन अंगठ्यांनी दाबून फोडलं आणि काही न बोलता माझ्यासमोर धरलं. आत बियाभोवती तपकिरी लगदा आणि त्यात वळवळणारी पांढरी अळी. दुसरं फोडलं, तेच. तिसरं चांगलं निघालं, पण तोवर भाव पडला होता. संक्रांतीच्या आधीचा आठवडा म्हणजे बोराचा खरा बाजार. सुगडात घालायला, पोरांच्या बोरन्हाणाला अख्खा महाराष्ट्र बोरं विकत घेतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझा माल किडका.

ही गोष्ट एका वर्षाची असती तर लिहायला बसलो नसतो. सलग तीन हंगाम हेच झालं. पहिल्या वर्षी वाटलं, औषध नकली होतं. दुसऱ्या वर्षी औषध बदललं. तिसऱ्या वर्षी फवारण्या वाढवल्या आणि मजुरी, डिझेल, औषध असं सगळं मिळून खर्च बोराच्या वर गेला. अळी मात्र ठरल्या तारखेला हजर.

आमची बाग सोलापूर जिल्ह्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हा वडिलांनी माळावर उमराण या बोराच्या वाणाची झाडं लावली. मधे मधे दोन-चार कडाका आणि चमेली, हेही बोराचेच वाण. डाळिंबाला पाणी नव्हतं, बोरीला ते फारसं लागत नाही, एवढा साधा हिशोब. तीस वर्षं झाडांनी तक्रार केली नाही. तक्रार सुरू झाली ती बाग माझ्याकडे आल्यावर. त्याचं कारण पुढे येईलच, आणि ते मला फारसं शोभणारं नाही.

आधी अळी ओळखा

"बोरात अळी आहे, काय मारू?" असं दुकानात जाऊन विचारणं ही माझी पहिली चूक. बोरात शिरणारे निदान तीन वेगळे जीव आहेत. तिघांचं घर वेगळं, वेळ वेगळी, त्यामुळे इलाजही वेगळा.

झाडाखाली पडलेली आणि झाडावरची अशी मिळून वीस-पंचवीस बोरं घ्या. चाकूनं बियापर्यंत उभी चिरा आणि उजेडात बघा.

अळी पांढरट किंवा पिवळसर, पाय नाहीत, डोकं वेगळं दिसत नाही, एका टोकाला निमुळती, एखाद्या तांदळाच्या कणीनं वळवळावं तशी, आणि गर सडल्यासारखा तपकिरी व आंबूस वासाचा असेल, तर ती फळमाशी. बोरावरून हात फिरवला तर कुठंतरी बारीक खळगा लागतो. मादीनं कोवळ्या बोरात अंडं टोचून ठेवलं ती ही जागा. तिथं फळाची वाढ अडते, म्हणून बोर वाकडं होतं.

अळी गुलाबी-तांबूस, डोकं गडद आणि स्पष्ट, पुढं पाय आहेत, आणि बियाभोवती तांबड्या-काळ्या विष्ठेचे दाणे साठलेले असतील, तर ती फळ पोखरणारी अळी. ही पतंगाची. गर सडत नाही, पण बियाभोवती भुसा भरल्यासारखं दिसतं. खाणाऱ्याला कोणतं जास्त किळसवाणं वाटतं ते मी सांगू शकत नाही. आमच्या आईचं मत असं की बोर चोखून खावं, फोडून बघू नये.

तिसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. बोर वाटाण्याएवढं असतानाच गोल गोल राहतं, वाढत नाही, अवेळी लालसर होऊन गळतं. गर बरा दिसतो. बी फोडली तर आत पाय नसलेली छोटी अळी किंवा सोंडेचा बारीक किडा. हा बी पोखरणारा सोंड्या. उमराणसारख्या लांबट बोरात गोल राहिलेलं फळ पटकन नजरेत भरतं, मूळच्या गोल वाणात मात्र चुकवतं.

चिरूनही खात्री होत नसेल तर बरणी करा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते याच बरणीनं. रुंद तोंडाच्या बरणीत चार बोटं ओलसर वाळू घाला, वर पडलेली वीसेक बोरं ठेवा, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधा आणि सावलीत ठेवून द्या. दोन आठवड्यांनी वाळू चाळा. साळीच्या दाण्यासारखे पिवळसर, गुळगुळीत, न हलणारे कोष सापडले तर फळमाशी. मातीचे कण चिकटलेला रेशमी कोष सापडला तर पोखरणारी अळी. माशी बाहेर यायची वाट बघत बसू नका, कोष पाहिला की निदान झालं.

माझ्या बरणीत दोन्ही सापडले, पण साळीचे दाणे कितीतरी जास्त. पुढचं लिखाण त्यामुळे मुख्यतः फळमाशीचं आहे. पोखरणाऱ्या अळीलाही यातला मोठा भाग लागू पडतो, कारण तीही कोषात जायला मातीतच उतरते.

दरवर्षी का येते?

बरणी चाळताना जे डोळ्यांसमोर होतं ते डोक्यात शिरायला मला आणखी महिनाभर लागला. अळी बोरातून बाहेर पडली आणि सरळ वाळूत गेली. म्हणजे बागेतही ती तेच करते. बोर गळतं, अळी त्यातून निघते, झाडाच्या आळ्यातल्याच, म्हणजे बुंध्याभोवतीच्या मातीत शिरून कोष करते. फार खोल जात नाही, वरच्या थरातच राहते. मी डिसेंबर-जानेवारीत झाडावर औषध मारत होतो आणि पुढची पिढी माझ्या पायाखाली निवांत होती. बोरात शिरलेल्या अळीपर्यंत औषध धड पोचत नाही, मातीतल्या कोषापर्यंत तर नाहीच. जी मरते ती वरवर फिरणारी माशी, आणि तिच्या जागी दुसरी चार दिवसांत बाहेर येते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि ती आपल्या बाजूची आहे. आंब्या-पेरूवरची फळमाशी पन्नास फळांवर जगते. आज पेरू, उद्या चिकू, परवा सीताफळ. बोरावरची ही माशी तशी नाही. तिचं खाणंपिणं, बाळंतपण सगळं बोरीच्या जातीवर. शास्त्रात तिला कार्पोमाया वेसुव्हियाना म्हणतात, आणि झिझिफस म्हणजे बोर वर्गातल्या झाडांपलीकडे ती जात नाही. त्यामुळे "शेजाऱ्याच्या पेरूतून येते" ही माझी आवडती सबब बाद झाली.

मग ती येते कुठून? एक, आपल्याच झाडाखालून. दोन, आपल्याच बांधावरून.

बांधावरची भाऊबंदकी

बोरीचं कूळ मोठं आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला बदरी कुल म्हणतात, जगभरात नऊशेच्या वर जाती. पण आपल्या कामाचे त्यातले मोजके. माळावर गुडघ्याएवढी-कमरेएवढी पसरणारी, लहान गोलसर पानांची झुडपी बोर. बांधावर आपोआप उगवलेली गावठी बोर, जिची बोरं आंबट-तुरट आणि पोरांच्या खिशातली. सह्याद्रीकडे गेलात तर पांढऱ्या फळांची तोरण. रानात टणक, लाकडासारख्या फळाचं घटबोर. आणि झाडाझुडपांवर चढणारी, बारीक काळ्या फळांची एक काटेरी वेल, जिला काही भागांत येरूणी म्हणतात.

ओळखायला सोपी खूण पानात आहे. देठापासून तीन ठसठशीत शिरा निघतात आणि साध्या बोरीचं पान उलटलं की खाली पांढरट लव. काटे जोडीनं येतात, एक सरळ आणि एक आकडीसारखा मागं वळलेला. सरळ काटा टोचतो आणि आकडी सदरा धरून ठेवते, हे छाटणी करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. आणखी हौस असेल तर भिंगातून फूल बघा. इतर बहुतेक फुलांत पुंकेसर दोन पाकळ्यांच्या मधे असतात, इथं प्रत्येक पुंकेसर पाकळीच्या बरोब्बर समोर, आणि चिमुकली पाकळी त्याच्या पाठीवर कुंची घातल्यासारखी. बदरी कुलाची ही घरची खूण.

आमच्या शेताच्या चारी बांधांवर मी मोजली, तर गावठी आणि झुडपी मिळून एकोणतीस ठिकाणं निघाली. बागेतल्या झाडांच्या जवळजवळ निम्मी! त्यांना कोणी छाटत नाही, कोणी फवारत नाही, त्यांची बोरं कोणी संपूर्ण तोडत नाही. काहींना बागेच्या आधी फळ येतं, काहींना बाग संपल्यावरही असतं. म्हणजे माशीला माझ्या बागेच्या आधी अंगण आणि नंतर ओसरी, दोन्ही फुकट.

वडिलांच्या काळी हे का होत नव्हतं? कारण बांधावरच्या बोरींच्या शिऱ्या, म्हणजे काटेरी फांद्या, दरवर्षी उन्हाळ्यात तोडून कुंपणाला लावायची पद्धत होती. तोडलेल्या बोरीचा पालाही शेरडं खायची, झाडाखाली पडलेली बोरंही तीच वेचायची. मी तारेचं कुंपण केलं, शेरडं विकली आणि छाटणी "मजूर मिळेल तेव्हा" करायला लागलो. तिन्ही गोष्टी तेव्हा शहाणपणाच्या वाटल्या होत्या.

काय केलं, कोणत्या महिन्यात

सुरुवात फवारणीपासून नव्हे, शेवटच्या तोडणीपासून करायची.

फेब्रुवारीच्या अखेरीस बाजार उतरतो आणि झाडावर शेंड्याकडची थोडी बोरं राहतात. त्यांची तोडणी मजुरीलाही परवडत नाही, म्हणून आपण सोडून देतो. पुढच्या वर्षीचं बियाणं तेच. आता मी शेवटची फेरी तोट्यात गेली तरी करतो. झाड झोडपून मोकळं करायचं, खाली पडलेलं सगळं गोळा करायचं. उमराण सोनेरी पिवळं झालं की तोडायचं, तांबूस-तपकिरी होईपर्यंत झाडावर ठेवायचं नाही. तपकिरी उमराण गोड लागतं हे खरं, पण ते घरच्यासाठी एका झाडावर ठेवा, बागभर नको.

गोळा केलेल्या बोरांचं काय करायचं हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. उकिरड्यावर टाकली तर अळी उकिरड्यातल्या मातीत जाते, इतकंच. पहिल्या वर्षी मी तेच केलं आणि उकिरडा बागेच्या कडेलाच होता! दोन फूट खड्ड्यात पुरून वर माती दाबायची, नाहीतर जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात दोन आठवडे टाकायची. थोडी असतील तर उकळतं पाणी. शेरडं असतील तर यातलं काहीच करावं लागत नाही.

छाटणी एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, सगळ्या झाडांची एका आठवड्यात. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेच्या आगेमागे. उन्हाळ्यात बोर पान गाळून झोपलेली असते, छाटायची ती तेव्हाच. बोरीला फूल आणि फळ येतं ते त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यावर, पानाच्या बगलेत. म्हणून मागच्या हंगामाच्या फांद्या आखूड करायच्या, आत दाटी करणाऱ्या आणि जमिनीला टेकणाऱ्या काढून टाकायच्या. हे सगळ्यांना माहीत आहे. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की अर्धी झाडं एप्रिलमध्ये आणि अर्धी जूनमध्ये छाटली तर बागेत फूलही दोन हप्त्यांत येतं आणि बोरंही. एकीकडे वाटाण्याएवढी, एकीकडे पिकलेली. माशीला अंडी घालायला दीड-दोन महिने जास्त मिळतात. माझ्या तीन वाईट वर्षांचं मोठं कारण हेच असावं असं मला आता वाटतं. मजूर मिळत नसतील तर उशिरा छाटण्यापेक्षा हलकी छाटा, पण एका दमात उरका.

छाटलेल्या फांद्या जागेवर पडू देऊ नका. कुंपणाला लावा. बोरीची शिरी तारेपेक्षा स्वस्त आणि रानडुकराला जास्त समजते.

छाटणी उरकली की मे महिन्यात माती उलटवायची. झाडाच्या आळ्यात कुदळीनं, ओळींमधे कुळवानं, वीतभर खोल. मोठी मुळं दुखावतील एवढं नाही. कोष वर येतात, उन्हानं भाजतात, कावळे-साळुंक्या वेचतात. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. आम्ही त्या पंधरा दिवसांत घरच्या कोंबड्या दिवसभर बागेत सोडतो. कोंबडी आळ्यात पाय मारून जे करते ते कुदळीला जमत नाही. हेच काम हंगामातही हलक्या हातानं करायचं, फळं गळायला लागल्यावर आळ्यातली माती खुरप्यानं हलवत राहायची.

बांधावरच्या बोरी तोडायच्या का?

पहिला विचार माझा तोच होता, कुऱ्हाड. भावकीतल्या काकांनी थांबवलं. म्हणाले, तोडलीस तर मुळापासून चौपट फुटेल, आणि बांध कोण धरेल? दोन्ही खरं. बोर तोडून मरत नाही. शिवाय पाखरांना, मधमाश्यांना, शेरडांना बांधावर दुसरं काय उरलंय? (बोरीवर लाखेचा किडाही वाढवतात, पळस आणि कुसुंबासारखाच. आमच्याकडे कोणी करत नाही, पण झाड नुसतं काटेरी अडगळ नाही एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.)

मग तीन वाटण्या केल्या. माळाकडची झुडपी बोर बागेला लागून होती तिथली खणून काढली, लांबची राहू दिली. मनगटाएवढ्या खोडाच्या गावठी बोरींचं वाण बदललं. उन्हाळ्यात खोड गुडघ्याच्या वर कापलं, पावसाळ्यात फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी दोन जोमदार ठेवले, त्यांवर उमराण-कडाकाचे डोळे भरले, म्हणजे त्या वाणांच्या काडीवरचा डोळा सालीत बसवून कलम केलं. जूनचा शेवट ते जुलै, साल सहज सुटते तेव्हा. डोळा बसला की खालून येणारे गावठी फुटवे दर पंधरा दिवसांनी काढत राहायचे, नाहीतर दोन वर्षांत गावठी परत राज्य करते. बागेतल्या एखाद्या जुन्या कलमाला अचानक बारकी आंबट बोरं लागायला लागली तर त्याचंही कारण हेच असतं. डोळ्याच्या खालून फुटलेली फांदी वर चढलेली असते. बुंध्याजवळ बघा.

उरलेल्या मोठ्या गावठी बोरी बागेबरोबरच छाटतो, म्हणजे त्यांचं फळ बागेच्याच वेळेला येतं, आणि त्यांची बोरं पोरांना आधीच वाटून टाकतो. पोरं झाड जेवढं स्वच्छ करतात तेवढं कुठलाच मजूर करत नाही.

फवारणी नकोच का?

मी तसं म्हणत नाही. पण वेळ चुकली तर ती पाण्यात, आणि फुलोऱ्यात केली तर नुकसानही.

श्रावण ते अश्विन बोर फुललेली असते. फूल बारीक, हिरवट-पिवळं, वास काहींना आवडतो, आमच्या घरात कोणालाच नाही. बोरीचा पराग जड आणि चिकट, वाऱ्यानं उडत नाही. तो न्यायला मधमाशी, गांधीलमाशी, साधी घरमाशी लागते. काही वाणांचं फूल सकाळी उमलतं, काहींचं दुपारी, आणि बरेच वाण स्वतःच्या परागानं नीट धरत नाहीत, दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. वडिलांनी मधे कडाका-चमेली का लावली असेल ते मला इतक्या वर्षांनी कळलं. या काळात कीटकनाशक मारलं की हे सगळे हमाल मरतात आणि फळधारणाच कमी होते. तिसऱ्या वर्षी माझं नेमकं तेच झालं. अळी तेवढीच, बोरं अर्धी.

फुलोरा ओसरून बोरं वाटाण्याएवढी झाली की पहिली वेळ येते. मादी कोवळ्या बोरात टोचते, पिकलेल्या बोरात दिसते ती जुनी करणी. या वेळेपासून मी पाच टक्के निंबोळी अर्क मारतो. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळून शंभर लिटर करायचं, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारायचं. पंधरा दिवसांनी परत. त्यानं माशी मरत नाही, पण टोचायला नाखूश होते. पोखरणारी अळी जास्त असेल तर रासायनिक फवारणी लागू शकते. औषधांची नावं मी मुद्दाम देत नाही. बोरावर कशाला परवानगी आहे हे बदलत असतं आणि हे फळ सालीसकट कच्चं खातात. तुमच्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात चिरलेली बोरं घेऊन जा, शिफारस विचारा, आणि फवारणी ते तोडणी यात किती दिवस सोडायचे हे डब्यावर वाचून घ्या. संक्रांतीचा भाव दिसतो म्हणून ते दिवस खाऊ नका. बोरन्हाणात ही बोरं लहान लेकरांच्या डोक्यावर पडतात आणि तिथूनच तोंडात जातात.

आंबा-पेरूसाठी मिळतात ते गंधाचे सापळेही मी लावले होते. सापळे माश्यांनी भरले, मी खूश. बोरातली अळी जशीच्या तशी. ते आमिष आंब्या-पेरूवरच्या माशीच्या नरांसाठीचं. शेजारच्या पेरूवाल्याचं भलं केलं मी, त्यानं चहासुद्धा पाजला नाही.

अळी नाही, तरी बोर खराब

बोर चिरलं, आत काहीच नाही, पण वरून खरखरीत तपकिरी डाग, साल तडकलेली, किंवा लहान असतानाच गळ, तर ती बहुतेक भुरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवेत गारवा आणि ओल असली की कोवळ्या बोरांवर आणि शेंड्याच्या पानांवर पिठासारखा पांढरा थर येतो. तो नंतर जातो, डाग राहतो, आणि आपण जानेवारीत डाग बघून अळीचं औषध शोधतो. बोरं वाटाण्याएवढी असताना पांढरं दिसताच पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, उन्हाचा कडाका नसताना मारा. पुन्हा दिसलं तर दोन आठवड्यांनी परत. छाटणीत मधली दाटी काढलेली असेल तर भुरी निम्म्यानं कमी त्रास देते, हा माझ्या बागेचा अनुभव.

बी पोखरणाऱ्या सोंड्यावर मात्र माती उलटवून उपयोग नाही. तो बियातच वाढतो आणि बीला गोल भोक पाडून बाहेर येतो. गळलेली बारकी लाल बोरं त्याच आठवड्यात उचलणं, एवढाच त्याचा खरा इलाज.

घरामागे एकच झाड असेल तर

सगळं वरचंच, फक्त लहान प्रमाणात. झाडाखाली जुनी ताडपत्री किंवा शेडनेट अंथरा, म्हणजे पडलेलं बोर मातीला लागत नाही आणि सकाळी एका झटक्यात गोळा होतं. दोन दिवसांच्या वर पडू देऊ नका. मे महिन्यात आळं खणा. शेजारी दुसरं बोरीचं झाड असेल तर त्या घराशी बोला, कारण त्यांनी काही केलं नाही तर तुमची मेहनत अर्धीच लागू पडते. ॲपल बोर लावलं असेल तर ते वेगळं झाड समजू नका. फळ मोठं, काटे कमी, पण माशीच्या लेखी तीही बोरच.

एका हंगामात निकाल मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पहिल्या वर्षी मी सगळं केलं, तरी चिरलेल्या दहा बोरांत तीन-चार किडकी निघालीच, आणि मी जवळजवळ परत औषधाच्या दुकानात गेलो होतो. मातीत आधीचा साठा असतो, तो एका मे महिन्यात संपत नाही. दुसऱ्या वर्षी दहात एखादं. तिसऱ्या वर्षी आडत्यानं दोन बोरं फोडली आणि तिसरं तोंडात टाकलं.

उत्तरेकडचा बांध अजून राहिलाय. तो आमचा आणि शेजाऱ्यांचा सामाईक आहे, त्यावर सहा जुन्या गावठी बोरी आहेत, आणि त्या कोणाच्या यावर आजोबांपासून वाद आहे. बागेच्या त्या बाजूच्या दोन ओळींत आजही जास्त अळी निघते. येत्या उन्हाळ्यात डोळे भरायची काडी घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. बोरी त्यांच्या असल्या तर असू देत, उमराण लागलं की निम्मी बोरं त्यांची, असं म्हणून बघतो.